जनीचे जाते आणि आपल्या घरची एकादशी



कार्तिकात अलिबागजवळच्या वरसोलीला विठोबाची यात्रा भरते. आपण कधी तिथे गेला असाल. वरसोलीहून उत्तरेला थळ, किहीम, आवास, मांडवा अशी गावे लागतात आणि वाटेत मुंबईकरांचे बंगले. त्या बंगल्यांत राहून स्वयंपाक आणि झाडलोट करणाऱ्या बायका असतात. कुणी घाटावरून आलेली, कुणी नेपाळातून. आठवडाभर बंगला राखायचा आणि शनिवारी-रविवारी मालक पाहुण्यांसह उतरले की पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायचे. जगाची सुट्टी हाच त्यांच्या कामाचा दिवस. यात्रा अगदी जवळ भरलेली असते, पण दर्शनाला जायचे म्हटले तरी विचारावे लागते.

अशाच एका परगावाहून आलेल्या मुलीला आपण संत म्हणून वंदन करतो. जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडची. लहानपणीच ती पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि त्याच घरात तिचे आयुष्य गेले. दळण, कांडण, पाणी भरणे, शेण्या वेचणे ही तिची कामे. शके 1272, म्हणजे इसवी सन 1350, हे तिच्या समाधीचे वर्ष सांगतात. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. गोपाळपूरला तिचे म्हणून दाखवतात ते जाते आपण हात लावून पाहिले असेल.

देव तिच्याबरोबर दळू लागला, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. पण थोडे थांबून पाहू. देवाने तिला ‘दळता दळता माझे नाव घेतेस, तेवढे पुरे’ असे म्हटले नाही. त्याने जात्याचा खुंटा धरला. तिचे ओझे हलके झाले, हा त्या कथेचा गाभा आहे.

कुणी म्हणेल, सावता महाराजांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, मग कामात देव शोधणाऱ्याला सुट्टी कशाला? माऊली, अरणचा तो मळा सावतोबांचा स्वतःचा होता. खुरपे कधी खाली ठेवायचे, हे तेच ठरवत. परक्या घरात राहणाऱ्या बाईची वेळ दुसऱ्याच्या हाती असते. सावतोबांचे नाव घेऊन तिची विश्रांती नाकारणे, हा त्या संतावरही अन्याय आहे.

रायगडच्या किनाऱ्याला हे दुःख नवे नाही. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून इथल्या किती घरांतली माणसे मुंबईत पोटासाठी गेली! कोकणातून घरकामाला आलेल्या गड्याला मुंबईने सरसकट ‘रामा’ म्हटले. त्याचे खरे नाव विचारायची गरज कुणाला वाटली नाही. जनीने मात्र ‘नामयाची दासी’ म्हणतानाच आपले नाव अभंगात कोरून ठेवले. आज किनाऱ्यावरच कामाला माणसे येतात. काल आपली माणसे ज्या दारात उभी होती, त्या दाराच्या आत आज आपण आहोत.

या विश्रांतीसाठी बायकांना झगडावे लागले. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, तेव्हा पगाराबरोबर रजेचाही प्रश्न होता. 2008 मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात बाळंतपण, मुलांचे शिक्षण, अंत्यविधी यांसाठी मदतीची तरतूद आहे. पण आठवड्याच्या सुट्टीचा हक्क त्यातून मिळत नाही. 2011 मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत घरकामगारांसाठी करार झाला. आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती हवी, आणि मालकाच्या घरी राहणाऱ्या बाईला सुट्टीच्या वेळी तिथेच थांबण्याची सक्ती नको, असे तो सांगतो. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही.

मान्यता मिळेल तेव्हा मिळो. आपल्या घराला तोवर थांबायचे कारण नाही. आपल्याकडे राहून काम करणारी बाई असेल, तर आठवड्याचा एक दिवस तिच्याशी बोलून ठरवा. तिच्या पगाराला हात न लावता तो पाळा. त्या दिवशी तिला हाक मारू नका. तिने देवळात जावे, गावी फोन करावा, नाहीतर नुसते झोपावे. कुठे गेली होतीस, हे विचारू नये. रात्री तिच्या खोलीला आतून कडी असावी.

त्या दिवशीची भांडी कोण घासणार, असा प्रश्न घरात निघेल. तेव्हा गोपाळपूरचे जाते आठवावे आणि आपणच बाह्या सरसावाव्यात.