अडलेली बंदूक आणि दोषाचा धनी

परतवाडा ही मुळात छावणीची वस्ती. अचलपूरनजीक हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी येथे राहत असत, आणि 'अचलपूर कॅम्प' हे नाव अजून पुसले गेलेले नाही. तेव्हा या गावच्या वसंत व्याख्यानमालेत बंदुकीचा विषय निघाला तर श्रोत्यांना तो परका वाटू नये. मात्र आम्ही बंदूक पाहतो ती गिरणी कामगारांच्या युनियनमध्ये वाढलेल्या डोळ्यांनी. माग का थांबला यापेक्षा दंड कोणाच्या पगारातून कापला, हे आम्ही आधी विचारतो.

आपोआप भरणाऱ्या रायफलीचे तत्त्व सोपे आहे. चाप ओढला की दारू पेटते व गोळी सुटते. त्या दारूचा थोडा वायू नळीच्या छिद्रातून एका दट्ट्यावर येतो, दट्ट्या बोल्टला मागे लोटतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, आणि स्प्रिंग बोल्टला पुढे आणताना नवे काडतूस आत सारते. डोळ्याचे पाते लवण्याआधी हे सारे घडते. मागावर धोटा, फणी आणि वही यांचे ठोके जुळावे लागतात, तसेच हे. वायू कमी पडला तर बोल्ट अर्ध्यावर अडतो. जास्त झाला तर तो वेळेआधीच धावतो. यंत्र बंद पडते ते मात्र नेमके ज्याच्या हातात असते त्याच्यासमोर, म्हणून पहिला संशय त्याच्यावर!

अमेरिकेने १९३६ साली जॉन गॅरंडची रायफल स्वीकारली. तिच्यात आठ काडतुसांचा गुच्छ बसे, आणि सातवे काडतूस वारंवार अडे. हाताने घडवलेल्या नमुन्याच्या बंदुकांत ही खोड नव्हती; कारखान्यातून निघणाऱ्या बंदुकांतच होती. शोध घेतला तेव्हा कळले की, बंदुकीच्या पोटातील एका मार्गदर्शक कंगोऱ्याचा बारीकसा भाग यंत्रावर जास्त कापला जात होता. तेवढे धातू जागेवर ठेवताच सातवे काडतूस मुकाट्याने चढू लागले. नेमबाजाचे बोट बिचारे निर्दोष होते.

पुढचा प्रकार याहून वाईट. व्हिएतनाममधील एम-१६ ही रायफल ज्या दारूवर पारखली होती, ती १९६४ साली बदलली गेली. नव्या दारूने बोल्टची गती वाढली व काजळीही जास्त धरली. दमट रानात गंज चढू नये म्हणून काडतूस बसण्याच्या जागेवर क्रोमचा मुलामा हवा होता, तो दिला नाही. वर, हिला फारशी सफाई लागत नाही अशी समजूत पसरलेली, आणि सफाईचे साहित्यही पुरेसे पोहोचले नाही. रिकामी पुंगळी आतच चिकटे; शत्रू समोर असताना जवान गज घालून ती ठोकून काढत. वरिष्ठ म्हणत, पोरे बंदूक साफ ठेवीत नाहीत. शेवटी पोरांनी घरी पत्रे लिहिली, ती वर्तमानपत्रांत व काँग्रेसमध्ये पोहोचली, आणि १९६७ साली रिचर्ड आयकॉर्ड यांच्या समितीने चौकशी केली. समितीने सैन्याच्या व्यवस्थापनावर कडक ठपका ठेवला. मुलामा आला, साहित्य आले; १९६८ मध्ये तर सफाई शिकवायला विल आइस्नरने काढलेली चित्रकथाच वाटली गेली! आमच्या मते त्या पत्रांचे मोल समितीच्या अहवालाहून कमी नाही.

आता घरच्या कारागिरीकडे. १९६२ साली आपले जवान चीनशी लढले ते एकेक गोळीला हाताने बोल्ट ओढण्याच्या .३०३ रायफली घेऊन. त्यानंतर बेल्जियमच्या एफएन कंपनीची व ब्रिटिश धर्तीची रायफल उघडून, मोजून, पुण्याच्या आयुध संशोधन संस्थेने देशी नमुना सिद्ध केला आणि तो इच्छापूरच्या कारखान्यात बनू लागला. कंपनीने हरकत घेतली. पुढे तडजोड झाली. ही आपली एसएलआर. वायूचे प्रमाण कमी-जास्त करण्याची तिची सोय ही मूळ बेल्जियन रचनेची देणगी.

तिच्या जागी आलेली इन्सास हीही पुण्यातच आखली गेली. १९९९ च्या कारगिल युद्धात तिची प्लॅस्टिकची मॅगझीन थंडीने तडकल्याच्या व रायफल अडल्याच्या तक्रारी आल्या, आणि पुढे सुधारणा करणे भाग पडले. कारगिलमध्ये दोष जवानांवर ढकलण्याची सोय नव्हती. सारा देश टीव्हीवर पाहत होता.

नेपाळला तेवढी सोय मिळाली नाही. ऑगस्ट २००५ मध्ये कालिकोट जिल्ह्यात पिली येथे माओवाद्यांच्या हल्ल्यात नेपाळी सैन्याचे चाळीसहून अधिक जवान मारले गेले. लांबलेल्या लढाईत भारताकडून मिळालेल्या इन्सास रायफली बंद पडल्या, अशी तक्रार त्यांच्या सैन्याने केली. भारताच्या बाजूने उत्तर गेले की, देखभाल व हाताळणी नीट झाली नसावी. हवे तर शिकवायला माणसे पाठवू.