लोकरी माव्याची सालं

2002 च्या जुलैत सांगली जिल्ह्यातल्या उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता त्यानं कोल्हापूरचे नदीकाठही धरले. मी तेव्हा एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात होतो, भोगावती काठचा गट माझ्याकडं होता. खोडकिडा आणि हुमणी आमच्या ओळखीच्या. ही कीड नवी. पान उलटं केलं की शिरेच्या दोन्ही बाजूंना पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर. त्यातून गोड चिकटा खालच्या पानांवर ठिबकायचा आणि त्याच्यावर काळी बुरशी चढायची. या माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लंच घालते. पंख फुटले की वाऱ्यानं शेजारच्या फडात. शिवाय जनावरांसाठी नेलेल्या वाड्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, भाऱ्यांतून आपणच ती गावोगाव पोचवत होतो.

पहिलं उत्तर औषधाचंच. पण आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला, पाठीवर पंप घेऊन माणूस आत शिरणार कसा? शिरलाच तर ते औषध त्याच्याच तोंडावर यायचं, आणि पुढं त्याच उसाचं वाडं म्हशीच्या दावणीत जायचं. मला त्या वर्षी सगळ्यात जास्त धास्ती याचीच होती.

उत्तर उसातच सापडलं. माव्याच्या थरात जाळं विणून राहणारी डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा दुसरा कीटक, दोघंही मावा खाऊन जगतात. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठं आणि कारखान्यांनी मिळून त्यांची पैदास सुरू केली, शेडनेटखाली मावा लागलेल्या उसावरच. हेक्टरी डिफाचे हजारभर अळ्या-कोष सोडायचे, असं सांगितलं जाई. कोष असलेल्या पानाचा तुकडा कापायचा आणि मावा लागलेल्या पानाला टाचणीनं किंवा स्टेपलरनं जोडायचा. ऑफिसातला स्टेपलर घेऊन पोरं फडात शिरली, तेव्हा कडेला उभे असलेले म्हातारे बघतच राहिले.

अवघड काम पुढंच होतं. मित्रकीटक सोडल्यावर पंप खाली ठेवायचा, आणि तोही एकट्यानं नव्हे. शेजारच्यानं फवारलं की आपली डिफा मेलीच. सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक बसली तेव्हा एक तरुण शेतकरी उसळून म्हणाला, "माझा ऊस काळा पडाय लागलाय आन् मी नुसतं बघत बसू व्हय?" त्याचं चुकीचं नव्हतं. अळी वाढायला वेळ लागतो, आणि तोवर नुकसान त्याचंच होतं. त्याची समजूत मला पटवता आली नाही, पाणीपुरवठा संस्थेच्या पाळी ठरवणाऱ्या माणसानं पटवली. आमच्याकडं रानं तुकड्या-तुकड्यांची, वीस-तीस गुंठ्यांचीसुद्धा. नदीवरची मोटर एक, पाइपलाइन एक, पाण्याची पाळी सगळ्यांनी मिळून ठरवायची. मला वाटतं, लोकांनी फवारणी थांबवली ती या जुन्या सवयीमुळं. ज्यांना मित्रकीटक मिळाले नव्हते, ते शेजारच्या फडातून पानं मागून न्यायला लागले.

ईशान्य भारतातून आणलेला एन्कार्सिया हा परजीवी कीटकही पुढं मदतीला आला. दोन-तीन हंगामांत माव्याचा जोर ओसरला. अजून तो अधूनमधून दिसतो, पण डिफाही त्याच्या मागं दिसते.

हुमणीचं मात्र वेगळं. माळरानावरच्या हुमणीचे भुंगेरे वळवाचा पाऊस पडला की दिवेलागणीला जमिनीतून निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर पाला खायला, जोडी जमवायला बसतात. मादी पन्नास-साठ अंडी घालते, त्यामुळं एक भुंगेरा वेचला तरी हिशोब मोठा. फांदी हलवायची, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. काम कुणालाही जमतं. पण पाऊस पडल्यानंतरच्या नेमक्या त्याच रात्री सगळं गाव बॅटऱ्या घेऊन झाडांखाली हवं. गावच्या बांधावरची निम्मी झाडं जरी राहिली, तरी भाद्रपदात वाळलेला ऊस उपटल्यावर मुळाशी त्या पांढऱ्या अळ्या सापडतातच. म्हणून मी आता निवृत्त झालो तरी मे महिन्यात वळीव पडला की गावातल्या तालमीच्या पोरांना फोन करतो, आणि कुठल्या झाडाखाली कोण हे त्याच संध्याकाळी ठरवून घेतो.