सेक्टर इंडेक्स म्हणजे काय? मोबाईलवर सेक्टरची कामगिरी कशी तपासायची?

"आज आयटी सेक्टर जोरात" असं नोटिफिकेशन आलं की बरेच जण लगेच शेअर घ्यायला धावतात. पण एका दिवसाच्या आकड्यावरून सेक्टर कळत नाही. म्हणून मी स्वतः वापरतो ती सोपी पद्धत इथे सांगतो.

सेक्टर इंडेक्स म्हणजे काय?

एकाच व्यवसायातल्या निवडक कंपन्यांचा मिळून काढलेला निर्देशांक. एनएसईवर निफ्टी बँक, आयटी, ऑटो, फार्मा, एफएमसीजी, मेटल असे बरेच इंडेक्स आहेत. त्यात सगळ्या कंपन्यांचं वजन सारखं नसतं. निफ्टी आयटीमध्ये १० कंपन्या आहेत, पण टीसीएस आणि इन्फोसिस घसरले की बहुतेक वेळा अख्खा इंडेक्स खाली येतो.

कसं तपासायचं?

१. एनएसईच्या वेबसाईटवर किंवा तुमच्या ब्रोकरच्या ॲपमध्ये इंडेक्सची यादी उघडा.

२. प्रत्येक सेक्टरचा १ महिना, ६ महिने आणि १ वर्षाचा परतावा शीटमध्ये लिहा.

३. त्यातून त्याच काळातला निफ्टी ५० चा परतावा वजा करा. उत्तर अधिक आलं तर सेक्टर बाजाराच्या पुढे, उणे आलं तर मागे.

४. वाढ किंवा घसरण कशामुळे झाली ते शोधा. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, आयटीसाठी अमेरिकेतली मागणी आणि डॉलर, ऑटोसाठी दर महिन्याचे विक्रीचे आकडे, एफएमसीजीसाठी पाऊस आणि गावाकडची खरेदी.

पुढे असलेला सेक्टर पुढेच राहतो का?

नाही! २०२१ मध्ये निफ्टी आयटी सुमारे ६० टक्के वाढला, निफ्टी ५० सुमारे २४ टक्के. २०२२ मध्ये निफ्टी ५० सुमारे ४ टक्के वर होता, पण आयटी सुमारे २६ टक्के पडला. म्हणजे वर्षअखेरीस १०,००० रुपये टाकणाऱ्याचे पुढच्या वर्षअखेरीस साधारण ७,४०० झाले.

आमच्या तळेगाव (श्यामजी पंत) भागात हे समजवायला चार्ट लागत नाही. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून विदर्भात अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला, पण भाव तिथवर पोचला नाही. मागच्या वर्षीचा भाव बघून यंदाचा हिशेब मांडता येत नाही, शेअरचंही तसंच.

मग या माहितीचा उपयोग काय?

कोणत्या कंपन्यांचा अभ्यास करायचा, ती यादी लहान होते. त्यानंतर कंपनीचा नफा, कर्ज आणि भाव तपासायचाच. टेलिग्रामवर कुणी "हा सेक्टर पळणार" म्हटलं, तर आधी शीट उघडा. तो आधीच पळून झालाय का, ते दोन मिनिटांत दिसेल.

टीप: ही माहिती शिकण्यासाठी आहे, गुंतवणुकीचा सल्ला नाही.