डब्याची ‘लाइन’ आणि तिची मालकी

मुंबईच्या डबेवाल्यांच्या अचूकपणाचे गोडवे जगभर गायले गेले. १९९८ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांची दखल घेतली, २००३ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स चर्चगेटला येऊन त्यांना भेटले आणि २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर अभ्यासप्रकरण तयार केले. या कौतुकात एक साधा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. हा धंदा नेमका कोणाच्या मालकीचा? अकोले आणि संगमनेर तालुक्यांतील ज्या घरांनी यात पैसा घातला, त्यांच्यासाठी तोच प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

डबेवाल्यांचे मूळ मुलूख म्हणजे प्रामुख्याने पुणे जिल्ह्यातील मावळ, राजगुरुनगर, आंबेगाव आणि जुन्नर. त्याला लागूनच, हरिश्चंद्रगडाच्या रांगेपलीकडे, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा पश्चिम कोपरा येतो. पाऊस धो-धो, शेती डोंगरउताराची, भात निघाले की हाताला काम नाही. साखर कारखान्यांचा आणि कालव्यांचा जो नगर जिल्हा आपल्या डोळ्यांसमोर असतो, त्याच्याशी या भागाचे फारसे साम्य नाही. दक्षिणेकडून माळशेज घाटाने कल्याण आणि उत्तरेकडून घोटीमार्गे कसारा गाठता येत असल्याने येथील तरुणांना मुंबई नेहमीच जवळची वाटत आली. भाऊबंद आधीच डब्यांच्या धंद्यात असल्याने तेथे गेलेल्याच्या डोक्यावरही पाटी आली.

धंद्याचा आरंभ १८९० चा मानला जातो. महादू हावजी बच्चे यांनी सुमारे शंभर माणसे हाताशी धरून डबे पोहोचवण्याचे काम सुरू केले. १९५६ मध्ये ‘नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट’ची नोंदणी झाली. तथापि ट्रस्ट किंवा मंडळ हे या धंद्याचे मालक नव्हेत. तंटे सोडवणे, शिस्त राखणे, रेल्वे वा पालिकेशी बोलणी करणे ही त्यांची कामे. खरा धंदा चालतो तो मुकादमाच्या गटात. प्रत्येक गट आपले दर, आपली वसुली आणि आपला हिशेब स्वतंत्रपणे पाहतो, आणि गटातील प्रत्येक जण पगारी नोकर नसून भागीदार असतो. महिन्याच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता जे उरते, त्याची समान वाटणी होते. जुन्या-नव्याचा भेद वाटणीत जवळजवळ नाही.

या भागीदारीत शिरण्याची रीत ठरलेली आहे. ओळखीच्या किंवा नात्यातील माणसामार्फत गावचा मुलगा येतो आणि काही महिने उमेदवारी करतो. मग त्याला हिस्सा विकत घ्यावा लागतो. हार्वर्डच्या अभ्यासकांनी नोंदवलेला ढोबळ भाव मासिक मिळकतीच्या दहापट असा आहे. याखेरीज दोन सायकली, लाकडी पाटी, पांढरा सदरा-लेंगा आणि गांधी टोपी एवढे भांडवल ज्याने त्याने आणायचे. कामावर दारू प्यायला किंवा टोपीविना आला तर दंड. दिवाळीला ग्राहकांकडून एका महिन्याचे जादा पैसे मिळण्याची प्रथा आहे आणि चैत्रात गावच्या जत्रांसाठी चार-पाच दिवस सगळा धंदा बंद ठेवला जातो.

मग दहा महिन्यांची कमाई मोजून घेतले काय? जागा नाही, दुकान नाही, यंत्र नाही. घेतली जाते ती ‘लाइन’, म्हणजे ठरावीक घरांतून ठरावीक कचेऱ्यांत रोज डबा जाणार ही सवय. ही सवय एकट्याने सांभाळता येत नाही. विलेपार्ल्याच्या घरातून एक जण डबा उचलतो, स्थानकावर तो लावला जातो, दुसरा तो मालडब्यातून नेतो आणि चर्चगेटला उतरवून तिसरा नरिमन पॉइंटच्या इमारतीत पोहोचवतो. झाकणावर मधोमध मोठ्या अक्षरात ‘३’ असेल तर तो नरिमन पॉइंटचा. कडेला पोहोचवणाऱ्या माणसाचा आकडा, इमारतीची आद्याक्षरे आणि मजला, तर दुसऱ्या बाजूला निघाल्या ठिकाणाची खूण. नाव-पत्ता कुठेच नाही. साडेबारा-एकपर्यंत डबा टेबलावर आणि दुपारनंतर त्याच साखळीने उलटा घरी.

ही साखळीच धंद्याचे बळ आहे आणि तीच त्याची दुखरी नसही. केवळ उदाहरण म्हणून एक हिशेब मांडू. आठ जणांचा गट, २४० डबे, दरमहा डब्यामागे १,००० रुपये. उत्पन्न २,४०,००० रुपये. रेल्वे पास, सायकली, हातगाडी, वर्गणी यांचा खर्च ४०,००० धरला तर प्रत्येकाच्या वाट्याला २५,००० येतात आणि हिश्श्याची किंमत अडीच लाख ठरते. आता डबे १०० वर आले असे समजा. खर्च फार तर ३०,००० वर येईल. माणसे मात्र आठच लागतील, कारण उचलणारा, नेणारा आणि पोहोचवणारा यांतला एकही गाळता येत नाही. प्रत्येकाला उरले ८,७५०. ग्राहक निम्म्याहून थोडे अधिक घटले, कमाई मात्र जवळजवळ दोन तृतीयांशाने.

मार्च २०२० मध्ये हे प्रत्यक्षात घडले, तेही एका दिवसात. टाळेबंदीत लोकल थांबली, कचेऱ्या ओस पडल्या आणि डबेवाले गावी परतले. एकशे वीस वर्षांत पहिलाच संप म्हणून १९ ऑगस्ट २०११ चा जो दिवस गाजला (तोही नगर जिल्ह्यातीलच राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून!) तो एका दिवसाचा होता, हा खंड महिनोन् महिने चालला. पूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले आणि दोन लाख डबे असे आकडे सांगितले जात. साथीनंतर पूर्वीइतकी माणसे परतली नाहीत. घरून काम, कचेरीतले उपाहारगृह, मोबाइलवरून मागवलेले जेवण ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. ज्याने साथीच्या थोडे आधी कर्ज काढून हिस्सा घेतला, त्याची लाइन कोणी चोरली नाही की बुडवली नाही. ती विरून गेली. विमा नाही, तारण नाही, विकावी तर गिऱ्हाईक नाही.

नगर शहरात दुधाचा रतीब घालणारा किंवा वृत्तपत्राची लाइन चालवणारा याहून थोडा सुरक्षित असतो. शंभर घरांची साठ झाली तर तो फेरी आखूड करतो, एक पोरगा कमी करतो, जोडीला दुसरे काम धरतो. डबेवाल्याच्या साखळीला तशी काटछाट मानवत नाही. समान वाटणीमुळे गट टिकतो हे खरे, पण तोटाही सर्वांना सारखाच येतो.

तरीही हिस्से अजून हातबदल करतात, आणि घेणाऱ्याने काही गोष्टी पाहूनच पैसे मोजावेत. मुकादमाच्या वहीतील मागच्या बारा महिन्यांची वसुली पाहावी. एका महिन्याच्या आकड्यावर जाऊ नये, कारण मे महिना आणि शाळांच्या सुट्ट्या डबे खातात. थकबाकी कोणाची, हे आधीच ठरवावे. डबे किती कचेऱ्यांत विखुरले आहेत हे मोजावे; अर्धे डबे एकाच इमारतीत असतील तर एका कंपनीच्या स्थलांतराने अर्धी लाइन जाते. जुन्या भागीदाराबरोबर काही आठवडे फिरून गृहिणींना तोंडओळख करून घ्यावी. आणि दहापट हा भाव भरल्या कचेऱ्यांच्या काळातला आहे. तो आज कोणी मागत असेल, तर घासाघीस करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.