खिशातलं पेन आणि कॅमेऱ्यातला आरसा
(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

१९५९ साली जपानमधल्या ऑलिंपस कंपनीनं एक छोटासा कॅमेरा बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं ‘पेन’. सदऱ्याच्या खिशाला पेन लावून माणूस जसा घराबाहेर पडतो, तसा हा कॅमेरा सहज जवळ बाळगावा, अशी त्यामागची कल्पना. मी कविता लिहिणारा माणूस. यंत्रांशी माझं नातं बेताचंच. पण कॅमेऱ्याला पेन म्हणणाऱ्या माणसाविषयी मला आपुलकी वाटणारच. आज ज्यांना मिररलेस, म्हणजे बिनआरशाचे कॅमेरे म्हणतात, त्यांची गोष्ट या माणसापासून सुरू केली तर चांगली समजते.

त्याचं नाव योशिहिसा माइतानी. वय तेव्हा जेमतेम सव्वीस. साध्या पगारदाराला परवडावा म्हणून कॅमेऱ्याची किंमत सहा हजार येन असावी, असं त्यानं ठरवलं. लेन्स मात्र जर्मनीच्या नामांकित लायकाच्या तोडीची हवी, असा हट्ट धरला. लेन्स तशी झालीही. पण ठरलेला पैसा जवळजवळ सगळा तिच्यातच संपला! मग उरल्यासुरल्या पैशांत कॅमेऱ्याचा डबा बसवायचा होता. भाग कमी केले, रोल पुढे सरकवायला पाठीमागे अंगठ्यानं फिरवायचं एक दातेरी चाक दिलं. एका फोटोच्या जागेत दोन फोटो बसवले, त्यामुळे छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर निघू लागले. लेन्सवर खर्च आणि डब्यावर काटकसर, हा माइतानींचा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याच्याकडे पुन्हा येऊच.

आता आरशाकडे वळू. त्या ‘पेन’मध्ये आरसा नव्हता. त्याच्या आधीच्या लायकातही नव्हता. लायका तयार करणारे ऑस्कर बर्नाक दम्याचे रुग्ण होते. काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे घेऊन डोंगर चढणं त्यांना झेपेना, म्हणून त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा केला. १९२५ साली तो लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला. गांधीजींच्या अंत्ययात्रेची छायाचित्रं टिपणारे कार्तिए-ब्रेसाँ यांच्या हातात असाच बिनआरशाचा लायका होता, आणि त्यावर बहुतेक वेळा पन्नास मिलिमीटरची एकच लेन्स.

मग आरसा आला तो कशासाठी? या कॅमेऱ्यांत डोळा लावायची खिडकी लेन्सच्या शेजारी असते. म्हणजे आपण एका भोकातून बघणार आणि फिल्म दुसऱ्या भोकातून. लांबच्या डोंगराला फरक पडत नाही, पण समोर बसलेल्या मुलाचं डोकं कापलं जाऊ शकतं. यावर उपाय म्हणून लेन्समागे तिरका आरसा बसवायचा. लेन्समधून आलेलं चित्र तो वर पाठवतो, आपण तेच बघतो, आणि बटण दाबलं की आरसा उडून बाजूला होतो व प्रकाश फिल्मवर पडतो. थॉमस सटन या इंग्रजानं १८६१ सालीच याचं पेटंट घेतलं होतं. १९३६ मध्ये ड्रेस्डेनचा किने-एक्झाक्टा छोट्या फिल्मवर हे करू लागला. १९५९ मध्ये, ‘पेन’च्याच वर्षी, निकॉन एफ आला आणि पुढं जवळजवळ पन्नास वर्षं आरशाचंच राज्य चाललं.

पण आरसा फुकट राहत नाही, त्याला हलायला खोली लागते. निकॉनमध्ये लेन्स बसते ती जागा फिल्मपासून साडेसेहेचाळीस मिलिमीटर दूर आहे. लायकात हेच अंतर अठ्ठावीसच्या आत. एवढ्या लांबून रुंद दृश्य पकडायचं तर लेन्स मोठी आणि गुंतागुंतीची करावी लागते. शिवाय आरशाचा खटका सगळ्या खोलीला ऐकू जातो. माइतानींनी स्वतः १९७२ साली आरशाचा छोटा कॅमेरा काढला, तेव्हा आकार, वजन आणि आवाज हेच तीन शत्रू त्यांनी समोर ठेवले होते. त्याचं नाव एम-१ होतं. लायकावाल्यांनी हरकत घेतली म्हणून ओएम-१ झालं.

आपल्याकडे या काळात काय होतं? माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, मिरजेत ओळखीच्या कुणाकडे तरी अॅग्फा क्लिक थ्री असायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. ईदला दोन निघाले की उरलेले लग्नासाठी राखून ठेवायचे. फिल्म महाग, धुणं महाग, म्हणून फोटो फक्त सणाचा, नवरा-नवरीचा, बक्षिसाचा. रोजच्या दिवसाचा फोटो काढणं ही उधळपट्टी होती. माझ्या अम्मीनं तीस वर्षं खिडकीजवळच्या मशीनवर गल्लीतल्या बायांची पोलकी शिवली. त्या मशीनवर बसलेली अम्मी एकाही फोटोत नाही. हजच्या अर्जासाठी स्टुडिओत काढलेला पासपोर्ट साइज फोटो तेवढा आहे, आणि त्यात ती घाबरलेली दिसते. ज्यांनी घरं चालवली त्यांचं काम असं चित्रांतून गळून गेलं. किती घरांत हेच असेल!

डिजिटल कॅमेरे आले तरी पहिली काही वर्षं आरसा जागचा हलला नाही. खरं तर फिल्मच्या जागी सेन्सर आल्यावर त्याची गरज उरली नव्हती. सेन्सरला दिसतं तेच थेट पडद्यावर दाखवता येतं. हे काम २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी-१ ने केलं. २००९ च्या जूनमध्ये ऑलिंपसनं आपला बिनआरशाचा कॅमेरा आणला आणि पन्नास वर्षांपूर्वीचं ‘पेन’ हेच नाव त्याला दिलं. पुढच्याच महिन्यात माइतानी वारले. २०१३ मध्ये सोनीनं मोठ्या सेन्सरचा मिररलेस काढला, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन याच वाटेला आले, आणि २०२० पासून जपानी कंपन्यांचे मिररलेस कॅमेरे आरशाच्या कॅमेऱ्यांपेक्षा जास्त बाजारात जाऊ लागले. ‘पेन’ काढणाऱ्या ऑलिंपसनं मात्र त्यानंतर कॅमेऱ्याचा धंदाच दुसऱ्याच्या हवाली केला.

मोबाइल असताना हे ओझं कशाला, असं कुणी विचारेल. भर उन्हात मोबाइल पुरेसा आहे, मी वाद घालणार नाही. पण आपली रोजची कामं उन्हात होत नाहीत. स्वयंपाकघर, दुकानाची मागची खोली, वर्कशॉप, इथं उजेड कमी असतो. तिथं मोठा सेन्सर आणि चांगली लेन्स यांचा फरक दिसतो.

म्हणून कॅमेरा घेताना माइतानींचा हिशेब करावा. डबा आदल्या पिढीतला, वापरलेला चालेल. लेन्स चांगली घ्यावी. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या झूमवर बहुधा ३.५ ते ५.६ असा आकडा असतो. हा आकडा जितका लहान तितकी लेन्सची खिडकी मोठी. १.८ ची लेन्स ५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. दुसरा आकडा मिलिमीटरचा. मोठ्या, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरवर पन्नासची लेन्स जेवढं दाखवते, तेवढंच मधल्या एपीएस-सी सेन्सरवर पस्तीसची आणि छोट्या मायक्रो फोर थर्ड्सवर पंचवीसची दाखवते. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या माणसाला एवढं गणित पुरलं, तुम्हालाही पुरेल. माझ्याकडे छोट्या सेन्सरवर पंचवीसची एकच लेन्स आहे. ती मी सहसा काढतच नाही, कारण आरसा नसल्यानं लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ वाटच बघत असते.

वापरलेली लेन्स घेताना ती उजेडासमोर धरून आत बघा. पांढऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. स्वस्त असली तरी सोडून द्या. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. बॅटरी मात्र दोन हव्यात. पडदा सतत चालू असल्यानं एक बॅटरी तीन-चारशे फोटोंत दमते.

मिरजेत सतारमेकर गल्लीत मी अधूनमधून जातो. कारागीर जवारी काढायला बसला की सतारीच्या घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा कानस. तिथं आरशाचा खटका म्हणजे अपराधच. मिररलेसमध्ये आवाज पूर्ण बंद करता येतो. पण तसं केल्यावर काही ट्यूबलाइट-एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे येतात, कारण सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळीओळीनं वाचतो. तिथं शटरचा वेग पन्नासांश किंवा शंभरांश सेकंदावर आणावा, पट्टे बहुतेक जातात. आवाज येत नाही म्हणून विचारायचं नाही, असं मात्र करू नये. मी आधी चहा घेतो, मग विचारतो. ‘नको’ म्हटलं तर कॅमेरा पिशवीत.

आणि फोटो छापून घ्या. ज्याचा काढला त्याला एक प्रत द्या, एक आपल्या घरी ठेवा. पाठीमागं नाव, काम, गाव आणि तारीख लिहा.