लाचेचा सापळा : तक्रार करण्यापूर्वी कार्यकर्त्यांना काय माहीत असावे?

रमाई आवास योजनेचा हप्ता, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज. आपल्या वस्त्यांमधील माणसाचा सरकारी कार्यालयाशी संबंध येतो तो बहुतेक अशाच कामांसाठी. यातले काहीही दयेने मिळत नाही, ते हक्काचे आहे. तरीही "वर द्यावे लागतात" हे वाक्य ऐकले नाही असे घर क्वचितच सापडेल. वस्तीपातळीवर काम करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. लाच मागितली गेली की लोक एकतर गुपचूप पैसे देतात, नाहीतर मोबाईलमध्ये व्हिडिओ काढून तो व्हायरल करतात. तिसरा मार्ग कायद्याने दिलेला आहे आणि त्याचीच माहिती सर्वात कमी आहे.

कायदा काय म्हणतो?

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ मध्ये २०१८ साली मोठी दुरुस्ती झाली. कलम ७ नुसार लाच मागणाऱ्या किंवा घेणाऱ्या लोकसेवकाला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कारावास व दंड होऊ शकतो. पैसे प्रत्यक्ष हातात पडलेच पाहिजेत असे नाही, मागणी हाही गुन्हा आहे. साहेबांच्या नावाने पैसे घेणारा दलाल, म्हणजे बातम्यांमधला 'खासगी इसम', कलम ७अ मध्ये सापडतो.

कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावे ते कलम ८. या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. मात्र दोन ठिकाणी संरक्षण आहे. जबरदस्तीने लाच द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले पाहिजे. आणि आधी यंत्रणेला कळवून, तिच्या मदतीसाठी पैसे दिले असतील तर देणारा गुन्हेगार ठरत नाही. सापळ्यातील तक्रारदार सुरक्षित असतो तो या तरतुदीमुळे.

सापळा कसा लागतो?

महाराष्ट्रात हे काम लाचलुचपत प्रतिबंधक विभाग करतो. टोल फ्री क्रमांक १०६४. तक्रार आल्यावर लगेच धाड पडत नाही. आधी पडताळणी होते. तक्रारदाराला ध्वनिमुद्रक देऊन पंचासोबत पाठवले जाते आणि संबंधित लोकसेवक खरोखर पैसे मागतो का, किती मागतो, हे रेकॉर्ड केले जाते. बातमीत "तडजोडीअंती" अमुक रक्कम ठरली असे वाचतो, ती तडजोड बहुधा याच टप्प्यावर नोंदली जाते.

मागणी सिद्ध झाली की दोन पंच, शक्यतो सरकारी कर्मचारी, यांच्यासमोर नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहिले जातात. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावली जाते. नोटा हाताळणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली की द्रावण गुलाबी होते. काही सापळ्यांत अँथ्रासिन पावडर वापरतात, ती अतिनील प्रकाशात चमकते. तक्रारदाराला एकच सूचना कटाक्षाने दिली जाते: मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. पैसे स्वीकारले की ठरलेला इशारा करायचा आणि पथक पुढे येते. सापळ्यात वापरलेली रक्कम तक्रारदाराला परत मिळण्याची व्यवस्था आहे.

मागणी हाच कणा

गुलाबी झालेली बोटे म्हणजे शिक्षा नव्हे. केवळ नोटा सापडणे पुरेसे नाही, मागणी सिद्ध व्हायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने बी. जयराज प्रकरणात २०१४ साली स्पष्ट केले. तक्रारदार फितूर झाला किंवा मरण पावला तर काय? डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात घटनापीठाने सांगितले की इतर साक्षी व परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही मागणी आणि स्वीकार सिद्ध होऊ शकतो. तरीही तक्रारदार शेवटपर्यंत ठाम असला तर खटला मजबूत राहतो. खटला शक्यतो २ वर्षांत संपवावा असे कायदा म्हणतो, पण तो लांबू शकतो. या काळात तक्रारदारावर गावातून, नात्यातून दबाव येतो. तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहणे हे संघटनेचे खरे काम आहे.

मग आपणच स्टिंग केले तर?

नोव्हेंबर २००३ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री दिलीपसिंह जूदेव पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात दिसले. पुढे तपासात स्टिंग घडवणाऱ्यांवरही आरोप ठेवले गेले, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटला रद्द करण्यास नकार दिला. खासगी स्टिंग सरसकट वैध किंवा सरसकट अवैध म्हणता येणार नाही, हेतू आणि परिस्थिती पाहावी लागेल, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे: लाच मागितल्याचे संभाषण हाती असेल तर ते न कापता मूळ फोनमध्येच जपा, कुणालाही फॉरवर्ड करू नका आणि थेट विभागाकडे जा. व्हायरल व्हिडिओने लाच घेणारा सावध होतो आणि सापळ्याची संधी जाते. त्या व्हिडिओच्या जोरावर कुणी "मिटवायला" पैसे मागितले, तर तो खंडणीचा गुन्हा होतो.

आपला माणूस सापडला तर?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. समाजातील अधिकारी सापळ्यात अडकला की दोन प्रतिक्रिया येतात. बाहेरचे म्हणतात, "आरक्षणवाले असेच." आतले म्हणतात, "जातीमुळे अडकवले." पहिली प्रतिक्रिया शुद्ध जातीयवाद आहे, कारण सवर्ण अधिकारी सापडला तर त्याच्या जातीचा हिशोब कुणी मांडत नाही. दुसरी शंका काही प्रकरणांत खरीही असू शकते. पण ती तपासायची जागा पुराव्यात आहे: पडताळणीचे रेकॉर्डिंग काय सांगते, पैसे मागितले होते की बळेच खिशात कोंबले होते? मागणी नसेल तर आपण त्याच्यासाठी लढू. मागणी असेल, तर ज्या विधवेच्या घरकुलाचा हप्ता अडला तीही आपलीच आहे, हे विसरता कामा नये.

लाच मागण्यापूर्वीच रोखण्याचा उपायही हाताशी आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळालीच पाहिजे. विलंब झाल्यास अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज देताना दिनांकासह पोच घ्या. ज्याच्या हातात पोच आहे, त्याला "फाईल सापडत नाही" हे उत्तर सहज देता येत नाही.