मध्यवय : व्यायाम, शरीरमेद व हृदयस्वास्थ्य (जालना जिल्हा)

चाळीस ते पासष्ट या वयात हृदयाची व रक्तवाहिन्यांची कार्यक्षमता जी टिकते किंवा ढासळते, ती अंगमेहनत आणि देहातील मेदसंचय या दोन गोष्टींवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या जालना जिल्ह्याची लोकवस्ती २०११च्या शिरगणतीप्रमाणे १९,५९,०४६ असून तीपैकी सुमारे चार-पंचमांश ग्रामीण आहे. अशा मुलखात, कष्टकऱ्यास व सडपातळ माणसास हृदयविकार होत नाही, ही समजूत स्वाभाविक असली तरी तिच्यातील सडपातळ माणसाविषयीच्या भागास शास्त्राचा आधार नाही. घनसावंगी तालुक्यातून ऊसतोडीस जाणारा गडी आणि जालन्याच्या मोंढ्यात दिवसभर गादीवर बसणारा अडत्या यांचे वजन काट्यावर सारखे भरले, तरी त्यांची हृदये सारखी मानता येत नाहीत.

परंपरा : समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब (शके १५३०, इ. स. १६०८) याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. नाशिकजवळील टाकळी येथे ते नित्य १,२०० सूर्यनमस्कार घालीत, असे संप्रदायात मानतात. हा आकडा भक्तिपरंपरेचा समजावा. त्यांनी स्थापिलेले प्रसिद्ध अकरा मारुती मात्र सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत असून, मारुतीचे देऊळ व त्यालगतची तालीम ही जोडी मराठी गावांत जी रुजली, तिचे श्रेय पुष्कळदा समर्थांस दिले जाते. विसाव्या शतकात सूर्यनमस्कारांचा पद्धतशीर प्रसार औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी केला. अखंड व जलद घातलेल्या नमस्कारांनी नाडी व श्वास दोन्ही वाढतात, यास्तव हृदयाच्या दृष्टीने त्यांस केवळ आसन न मानता खरा व्यायाम मानणे युक्त होय. तालीमबाजाच्या आयुष्यातील धोक्याचा काळ तोच, ज्यात चाळिशीच्या सुमारास आखाडा सुटतो परंतु खुराक सुटत नाही.

मेद : या विषयातील सर्वांत बोलका दाखला पुण्याचा आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु देहातील मेद युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगी २१.२ टक्के निघाला. दिसण्यात कृश व आतून मेदयुक्त असा हा भारतीय देह त्यामुळे जगापुढे आला. त्वचेखालील चरबीपेक्षा आतड्यांभोवतीची चरबी अधिक घातक, कारण तिच्यातील मेदाम्ले यकृतात उतरून इन्शुलिनचे कार्य निष्प्रभ करू लागतात व रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढवितात. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराचा पहिला झटका इतरांहून सुमारे पाच-सहा वर्षे आधी, त्रेपन्नाच्या आसपास येतो, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय पाहणीत आढळले.

व्यायाम : लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील बैठ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या वाहकांस हृदयविकार कमी होतो, हे जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखविले. त्याहून आशादायक निष्कर्ष अमेरिकेतील डॅलस येथील २०१८चा : ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या माणसांनी दोन वर्षे नियमाने, आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम केला असता त्यांचा दमसास सुमारे १८ टक्के वाढला व हृदयाच्या डाव्या जवनिकेचा (खालच्या कप्प्याचा) ताठरपणा उतरला. केवळ योगासने, तोल व बळ यांचा अभ्यास करणाऱ्या तुलनेच्या गटात असा पालट दिसला नाही. मध्यवय उलटले म्हणून उशीर झाला, असे मानण्याचे कारण नाही.

स्त्रिया : रजोनिवृत्तीनंतर मेद पोटाकडे सरकतो.

मतभेद : स्थूल परंतु दमदार देह आणि कृश परंतु बैठा देह यांत सुरक्षित कोणता, याविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता नाही.

माप : जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्यास मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे सुचविली आहेत. भारतीयांकरिता कंबरेची मर्यादा पुरुषास ९० व स्त्रीस ८० सेंटिमीटर मानतात. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, कपडा बाजूस करून मोजावे. त्यास शिंप्याची फीत पुरते.